अर्धं पर्यटन

"मावशी, तुम्ही जंगलात मनोरंजनासाठी जाता का?"

केसरबाई ओट्यावर बसून संध्याकाळच्या भगरीतले खडे निवडत होत्या. त्यांनी मान वर करून समोर बसलेल्या मुलीकडे पाहिलं. मुलगी चांगल्या घरची दिसत होती, चेष्टा करत असेल असं वाटत नव्हतं.

"मनोरंजन म्हंजे?"

"म्हणजे करमणूक. फिरायला, निसर्ग बघायला, मजा करायला."

केसरबाई सकाळीच त्या जंगलातून अनवाणी चालत आल्या होत्या. तीन काटे लागले होते. दोन निघाले होते, तिसरा अजून टाचेत होता आणि आपण आहोत याची आठवण देत होता.

"नाही माय," त्या हळूच म्हणाल्या, "आमी कायले जातो करमणुकीले? जंगलच आमच्या वावरात करमणुकीले येते. परवा पाच रोही आल्या, अर्धा एकर हरभरा कोवळाच चरून गेल्या. त्यायले इचार, कशी मजा आली ते."

मुलीने फॉर्मवर रकाना शोधला आणि लिहिलं, "वन्यप्राणी पाहण्याची संधी मिळते: हो."

मुलीचं नाव निशिगंधा. बुलढाण्याच्या कॉलेजातून आली होती. अभयारण्यातल्या मनोरंजनाबद्दल आजूबाजूच्या रहिवाशांचं मत काय, याचा चाळीस प्रश्नांचा फॉर्म तिने आणला होता, आणि डोंगरपिंपरीतल्या बेचाळीसही घरांत तो भरून घ्यायचा होता. केसरबाईंचं घर पहिलं लागलं, कारण अभयारण्याची तार त्यांच्या घरापासून तीन वावरं सोडून होती.

एवढ्यात आतून उत्तमराव आले. हे केसरबाईंचे यजमान. तीस वर्षं ग्रामपंचायतीत शिपाई होते, त्यामुळे सरकारी कागद आपल्यालाच कळतो, गावाला कळत नाही, असं त्यांचं मत होतं. मागच्या पावसाळ्यात त्यांना लकव्याचा झटका आला आणि वाचा गेली. दीड महिना तोंडातून शब्द नाही. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू. केसरबाईंना हळूहळूचा भरवसा वाटेना. त्यांनी जंगलातल्या झऱ्यावरच्या महादेवाला हात जोडले, "यांची वाचा येऊ दे, सोळा सोमवार अनवाणी येऊन तुझ्या पिंडीवर पाणी घालीन."

आठव्या दिवशी उत्तमराव बोलले. बोलले ते थांबलेच नाहीत. दीड महिन्याची थकबाकीही त्यांनी वसूल करायला घेतली.

तेव्हापासून केसरबाईंचे सोमवार चालू होते. आजचा दहावा. त्यांच्या सासूबाईंनी घालून दिलेला नियम कडक होता. सोमवार एकचित्ताने करायचा, उपासाच्या तोंडी खोटं बोलायचं नाही, आणि सोळातला एक जरी हुकला किंवा बिघडला तरी पुन्हा पहिल्यापासून मोजायचं.

"काय लिवून राह्यली व पोरी?" उत्तमरावांनी विचारलं.

"सर्वे आहे काका. जंगलात तुम्ही कशासाठी जाता? पर्याय वाचते. सहल, पक्षीनिरीक्षण, छायाचित्रण, साहसी खेळ, मुक्काम, यापैकी काही नाही."

"यापैकी काही नाही," उत्तमराव म्हणाले.

केसरबाईंनी तोंड उघडलं. 'महादेवाले जातो' असं सांगायचं होतं. पण प्रश्न पाहिला तर खरंच यापैकी काहीच नव्हतं. त्या सहलीला जात नव्हत्या, आणि साहसी खेळ म्हणावा तर तो काटा त्यांना खेळवत होता, त्या काट्याला नव्हे. त्यांनी तोंड मिटलं. सहा आठवड्यांनी त्यांना या मिटल्या तोंडाचा पस्तावा होणार होता.

"गावातून जंगलात जायला पायवाट आहे का?"

"वाट?" उत्तमरावांनी कपाळाला आठ्या घातल्या. "कायची वाट? आमच्या गावात कोणाले मालूमच नाही जंगल कोठीसा हाय ते."

त्यांच्या पाठीमागे, घराच्या कौलांवरून सगळी टेकडी दिसत होती. तिथून मोर ओरडला. निशिगंधाने एकदा टेकडीकडे पाहिलं, एकदा काकांकडे, आणि जे सांगितलं ते लिहून घेतलं. शिकवलंच तसं होतं तिला.

ती पुढच्या घरी गेली तेव्हा केसरबाई म्हणाल्या, "अहो, असं काऊन सांगतलं? मी सकाळीच तं जाऊन आली."

"काजलचे माय, तुले कागद नाही समजत." काजल ही त्यांची नांदुऱ्याला दिलेली लेक. "सरकारी कागदावर 'हो' लिवलं का चौकशी लागते. 'नाही' लिवलं का इषय खतम. मांगच्या साली त्या भिकाच्या बकऱ्या तारेच्या आत सापडल्या तं दंड झाला का नाही? आता म्हणतीन, जाता का? तुमी म्हणसान, जातो. मंग म्हणतीन, आणा दंड."

एवढं बोलून त्यांनी पायात चपला घातल्या. निशिगंधा एका घरातून निघायच्या आत ते पुढच्या घरी पोचलेले असत. संध्याकाळपर्यंत बेचाळीस घरांची बेचाळीस मतं एकसारखी झाली. रोज मोळी आणणाऱ्या बाया म्हणाल्या, आम्ही जंगल पाहिलंच नाही. म्हशी चारणारा म्हणाला, आमच्या म्हशींना जंगलाची भीती वाटते. आणि वाहेदभाई, जे आधी धामणगावच्या रस्त्याला काळीपिवळी चालवत आणि या हंगामापासून दिवसातून दोनदा पर्यटकांची जीप घेऊन अभयारण्यात जात, तेसुद्धा म्हणाले, "जंगल? सुना है बोलतात. देखा नहीं कभी."

नंतर त्यांनी उत्तमरावांना विचारलं, "काहे को झूठ बोलाया, उत्तमभाऊ?"

"गावाची एकी पाह्यजे, वाहेद."

सरकारी काम लवकर होत नाही असं म्हणतात. तो नियम उघडायच्या कामाला आहे, बंद करायच्या कामाला नाही. सहा आठवड्यांनी सोळावा सोमवार उजाडला. केसरबाईंनी पहाटेच गोवऱ्यांवर रोडगे भाजले, फोडले, तूप आणि गूळ घालून चुरमा केला, डबा भरला, तांब्या घेतला, बेल घेतला. आज उद्यापन म्हणून उत्तमरावही बरोबर निघाले. तीन वावरं ओलांडून तारेपाशी आले, तर वाटेच्या तोंडावर नवं कोरं लोखंडी फाटक. त्याला कुलूप. वर पाटी.

उत्तमरावांनी ती मोठ्याने वाचली. वाचता वाचता आवाज बारीक होत गेला.

"स्थानिक रहिवाशांच्या सर्वेक्षणात असे दिसून आले की, ही वाट कोणीही वापरत नाही. सबब ती बंद करण्यात आली आहे. निसर्गाचा आनंद घेण्यासाठी मुख्य प्रवेशद्वाराने यावे."

केसरबाईंना ओरडायची सवय नव्हती. त्यांनी फक्त नवऱ्याकडे पाहिलं. उत्तमरावांनी फाटकाकडे पाहिलं.

"तारेखालून जाऊ," ते म्हणाले. "म्या वर धरतो, तू वाक."

"देवाच्या दारात चोरावानी? सोळाव्या सोमवारी?"

"मंग काय करतं?"

"मी काय करू? तुमची वाचा गेली होती, मी ते मांगून आणली. त्या वाचेनं तुमी माही वाट बंद केली." एवढं बोलून त्यांना वाटलं, उपासाच्या तोंडी फार झालं. त्यांनी मनातल्या मनात तीनदा 'शिव शिव' म्हटलं.

उत्तमरावांनी मात्र आता सोमवार मोजले. सोळावा सोमवार हुकला तर नेम मोडणार होता. नेम कशासाठी होता, ते त्यांना चांगलं ठाऊक होतं. त्यांनी हळूच गळ्याला हात लावून पाहिला.

"चाल," ते म्हणाले. "मोठ्या फाटकानं जाऊ. वाहेद आत्ताच निंगत अशीन."

मोठं फाटक रस्त्याने नऊ किलोमीटर होतं. नवस बोलताना केसरबाईंनी 'अनवाणी' म्हटलं होतं, 'पायी' म्हटलं नव्हतं. तेवढी सोय देवाने ठेवली होती. वाहेदभाईंनी दोघांना जीपमध्ये घेतलं, आणि रस्ताभर उत्तमरावांना ऐकवलं.

"मैने बोला था भाभी, झूठ का फल लगते. आता पाहा, मीच तुम्हाले तुमच्या महादेवाले घेऊन चाल्लो."

फाटकावर गोकुळ होता. नोंद करणारा तोच, आणि गाडीत बसून पर्यटकांना माहिती सांगणारा गाईडही तोच. केसरबाईंना तो लहानपणापासून ओळखत होता. त्याच्या मायची आणि त्यांची एकच माहेरची आळी. पण टेबलावर बसला की तो कोणालाच ओळखत नसे.

"नाव?"

"आरं गोकुळ, तुले मालूम नाही का माहं नाव?"

"मालूम हाय काकू. पण लिवा लागते. भेटीचा उद्देश सांगा. पर्यटन, अभ्यास, का छायाचित्रण?"

"सोमवार."

"सोमवार उद्देश नसते काकू, सोमवार वार असते."

"दर्शन मंग. झऱ्यावरच्या महादेवाचं. आज सोळावा हाय बापा."

गोकुळने टेबलाच्या काचेखालचा छापील कागद दाखवला. त्यावर रंगीत वर्तुळं काढली होती, आणि सगळी वर्तुळं एकाच रंगाची होती. "तुमच्याच गावाचा सर्वे हाय. बेचाळीसपैकी बेचाळीस घरं म्हणतात का आमी जंगलात जातच नाही. मंग दर्शनाचा रकाना साहेबानं ठेवलाच नाही. पर्यटन लिहू का?"

"खोटं नाही लिवायचं. मी पर्यटनाले नाही आली."

"मंग आत नाही जाता येत."

केसरबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. पंधरा सोमवार. पंधरा वेळा अनवाणी गेलेले पाय. आणि आता एका रकान्यात देव बसत नव्हता. फाटकावरच जीपमध्ये चढून बसलेल्या पर्यटक बाई म्हणाल्या, "अहो, सोडा ना त्यांना!" त्या होत्या अन्नपूर्णाबाई. शेजारी त्यांचे यजमान भगवानराव, कलेक्टर कचेरीतले निवृत्त अव्वल कारकून, गळ्यात दुर्बीण आणि हातात नवा मोबाइल. त्यांची ही चौथी सफारी होती. आतापर्यंत त्यांना जंगलात एक ससा आणि दुसऱ्या जीपमधले पर्यटक एवढंच दिसलं होतं.

वाहेदभाई पुढे झाले. "भाभी, एक बात सांगा. पर्यटन म्हंजे काय? फिरणं. तुमी महादेवाभोवती फिरता का नाही?"

केसरबाईंनी विचार केला. महादेवाला पूर्ण प्रदक्षिणा घालत नाहीत. पिंडीवरचं पाणी जिथून वाहतं त्या पन्हळीपर्यंत जायचं आणि मागे फिरायचं. खोटं सांगायचं नव्हतं.

"अर्धी फिरते," त्या म्हणाल्या.

"लिहा गोकुळभाऊ. पर्यटन, अर्धा."

गोकुळने खरोखरच तसं लिहिलं. एवढंच नाही, तर कंसात 'प्रदक्षिणा' असंही लिहिलं, म्हणजे पुढे ऑडिटला अडचण नको.

मग डब्याचा प्रश्न निघाला. आत खायचे पदार्थ नेता येत नाहीत, असा नियम.

"हे खायचं नाही रे, नैवेद्य हाय."

"तुपाचा वास फाटकापर्यंत येऊन राह्यला काकू. अस्वलाले नियम समजत नाही." शेवटी बेलाच्या पानावर चिमूटभर चुरमा जाईल आणि तोही परत आणायचा, असं ठरलं. डबा घेऊन उत्तमराव फाटकावर बसले. त्यांनाही आत यायचं होतं, पण गोकुळ म्हणाला, "काका, तुमी सर्वेत सांगतलं का जंगल कोठी हाय ते मालूम नाही. तुमाले आत नेलं तं आमचा सर्वे खोटा पडते."

उत्तमराव एक शब्द बोलले नाहीत. लकव्यानंतर पहिल्यांदाच.

जीप आत शिरली. गोकुळ माहिती सांगू लागला, "हा धावडा, हा सालई, हे मोईन..."

"हे मोईन नाही, हे भेरा हाय," केसरबाई हळूच म्हणाल्या. "मोईनचं झाड मांगं गेलं." गोकुळने पुढे झाडांची नावं सांगणं बंद केलं. केसरबाईंना मात्र वेगळाच त्रास होत होता. जिथे दर सोमवारी त्या चालत जातात तिथे बसून जायचं, आणि ज्या पायवाटेच्या प्रत्येक दगडाची ओळख आहे ती दुरून झाडांआडून बघायची. बायका पाण्याला निघाल्या की कोणी गाडीत बसून त्यांना बघायला येत नाही, मग झाडांनाच काय बघायचं एवढं, त्यांना कळत नव्हतं. पण भगवानराव प्रत्येक बुंध्याकडे दुर्बीण लावत होते, आणि प्रत्येक वेळी म्हणत होते, "हलला काहीतरी!"

"वारा आहे तो," अन्नपूर्णाबाई म्हणत.

निरीक्षण मनोऱ्याजवळ जीप थांबली. सगळ्या सफारीत खाली उतरायची परवानगी फक्त इथे, तीही पंधरा मिनिटं. मनोऱ्यापासून चाळीस पावलांवर झरा आणि झऱ्यावर महादेव. केसरबाईंनी तांब्या सावरला आणि निघाल्या, आणि चार पावलांवर थांबल्या.

"काय झालं?" गोकुळने विचारलं.

"आलं ते. आज उशीर केला त्यानं."

झऱ्यावर अस्वल पाणी पीत होतं.

गोकुळने सगळ्यांना भराभर मनोऱ्यावर चढवलं. केसरबाईंनाही. भगवानरावांना तर आनंदाने जिना दिसेना. त्यांनी मोबाइल वर धरला आणि कुजबुजत रेकॉर्डिंग सुरू केलं, "मित्रहो, चौथ्या प्रयत्नात, समोर प्रत्यक्ष अस्वल..."

"किती वेळ पिते हे?" अन्नपूर्णाबाईंनी विचारलं.

"पाच मिनिटात जाते बाई," केसरबाई म्हणाल्या. "सोमवारी मी या धावड्याआड थांबते, ते गेलं का मंग मी जाते. त्याचा टाइम अन् माहा टाइम वायला हाय. आज त्यालेच उशीर झाला."

पण अस्वल त्या दिवशी निवांत होतं. पाणी पिऊन झालं, तर ते बसलं. बसून झालं, तर पाठ खाजवायला लागलं. मग त्याला दगडाखाली मुंग्या सापडल्या. गोकुळ घड्याळ बघत होता. सात मिनिटं. नऊ मिनिटं. प्राणी असेपर्यंत खाली उतरायचं नाही आणि पंधरा मिनिटं झाली की निघायचं, असे दोन नियम होते, आणि दोन्ही मिळून केसरबाईंचा सोळावा सोमवार गिळायला बसले होते.

केसरबाईंनी कठड्यावरून खाली पाहिलं आणि अगदी हळू आवाजात, घरातल्या हट्टी माणसाला सांगावं तसं सांगितलं, "आटप रे बापा. माही वाट सर्वेनं अडवली, आता तू अडवू नोको. तुले इथं रोजच राहाचं हाय. मले आजचाच दिवस हाय."

अस्वलाने मान वर केली. मनोऱ्याकडे पाहिलं. मग नाकाने एकदा फुस्स केलं आणि खाली ओढ्यात उतरून झुडपांत गेलं. गोकुळने थोडा वेळ कान देऊन पाहिलं. "तीन मिनिटं उरले काकू. चाला, मी संगं येतो."

केसरबाई जिन्याकडे वळल्या, तेवढ्यात भगवानराव आडवे आले. "अहो, थांबा, थांबा! तुमच्यामुळे दिसलं! तुम्ही आधी बघा! पूर्ण सात मिनिटांचं शूटिंग आहे!" त्यांनी मोबाइल केसरबाईंच्या डोळ्यांपुढे धरला. केसरबाईंनी घाईत पाहिलं. अन्नपूर्णाबाईंनी खांद्यावरून वाकून पाहिलं.

मोबाइलचा पुढचा कॅमेरा चालू राहिला होता. सात मिनिटांत अस्वल कुठेच नव्हतं. होता तो भगवानरावांचा चेहरा. आधी डोळे मोठे झाले. मग तोंड उघडलं. मग हळूहळू ते इतकं उघडलं की मागची सोन्याची दाढ दिसली. आणि त्यात तेच कुजबुजत होते, "काय रुबाब आहे बघा... काय केस आहेत..."

अन्नपूर्णाबाई म्हणाल्या, "एवढं भव्य जनावर मी तीस वर्षं रोज बघते. त्यासाठी तिकीट काढायची गरज नव्हती."

केसरबाईंनी पदर तोंडात कोंबला आणि त्या अनवाणी धावल्या. चाळीस पावलं. पिंडीसमोर बसल्या, पाणी घातलं, बेल वाहिला, चिमूटभर चुरमा ठेवला. आता फक्त डोळे मिटून एकचित्ताने शंकराचं ध्यान करायचं होतं, की सोळा सोमवार पुरे.

त्यांनी डोळे मिटले. समोर शंकर आले नाहीत. समोर भगवानरावांचा आ आला. सोन्याच्या दाढेसकट.

केसरबाईंनी डोळे गच्च मिटले. आ आणखी मोठा झाला. 'ॐ नमः शिवाय' म्हणायला ओठ उघडले, आणि त्यातून जे बाहेर पडलं ते हसू होतं. साधं नव्हे, पोट धरून. लग्नाआधी हसल्या असतील तशा हसल्या. गोकुळला वाटलं अस्वल परत आलं. तो काठी घेऊन गरगर फिरला, ते पाहून त्या आणखी हसल्या. वेळ संपली. अर्धी प्रदक्षिणा त्यांनी हसतच घातली.

फाटकावर परतल्यावर गोकुळने अभिप्रायाची वही पुढे केली. त्यात छापलेलं होतं, आपला अनुभव आनंददायी होता का. केसरबाईंना खोटं बोलायचं नव्हतं. उपासाचं तोंड होतं.

"हाव," त्या अगदी खालच्या आवाजात म्हणाल्या. आणि म्हणताना त्यांचा चेहरा उतरला.

भगवानरावांनी मात्र वही ओढून घेतली. "तुमची वाट कुठे आहे? कोणी बंद केली? विषय सांगा, संदर्भ सांगा." चौतीस वर्षांच्या नोकरीत अशा अर्जांवर शेरे मारलेला माणूस, त्याला अर्ज कसा लिहिला की फिरवता येत नाही हे चांगलं माहीत होतं. बायकोने दिवसभर त्या व्हिडिओवरून काही बोलू नये म्हणूनही असेल, त्यांनी तीन पानं लिहिली. केसरबाईंना अस्वलाच्या वेळा ठाऊक आहेत, सबब त्या वाट वापरतात, हा पुरावा त्यांनी अधोरेखित केला. तोवर वाहेदभाई, अन्नपूर्णाबाई आणि गोकुळ यांनी चुरमा संपवला. उत्तमरावांना डबा चाटायला मिळाला.

भगवानरावांच्या अर्जापुढे उघडायच्या कामाचा नियम टिकला नाही; गुरुवारीच गोकुळ सायकलवरून केसरबाईंच्या घरी आला. हातात कागद होता. डोंगरपिंपरीच्या ग्रामस्थांना दर सोमवारी सकाळी सात ते नऊ, देवदर्शनासाठी, नाव नोंदवून जुन्या वाटेने पायी जाता येईल. किल्ली वाहेदभाईंकडे राहील.

उत्तमराव खुशीत आले. "पाह्यलं? कागद कसा हलवा लागते ते! म्या फाटकावर बसून राह्यलो म्हून झालं हे. पण काजलचे माय, तुले आता काय फायदा? तुहा नेम तं सोमवारीच फिटला."

केसरबाई चुलीपुढे बसल्या होत्या. त्यांनी निखारा सारखा केला.

"नाही फिटला."

"काऊन? पाणी घातलं ना? बेल वाह्यला ना?"

"वाह्यला. पण चित्त जाग्यावर नव्हतं. देवापुढं बसून मी हासली. लय हासली." त्यांनी पदराने कपाळ पुसलं. "तो सोमवार नाही धरता येत. पुन्हा पह्यल्यापासून सोळा."

उत्तमराव पुढे काही बोलणार होते. तोंड उघडलंही. मग त्यांच्या ध्यानात आलं, की नेम फिटला नाही म्हणजे वाचा अजून पक्की झालेली नाही. अजून सोळा सोमवार ती उसनीच होती. उसनी वस्तू माणूस जपून वापरतो. त्यांनी तोंड मिटलं. गोकुळकडे पाहून मान हलवली. मग पाणी हवं होतं, म्हणून अंगठा ओठांकडे नेऊन खूण केली.

केसरबाईंनी तांब्या दिला. रात्रीचं जेवण खुणांनी झालं. भाजीत मीठ जास्त पडलं होतं, तेही उत्तमरावांनी फक्त भुवई वर करून सांगितलं. लग्नाला पस्तीस वर्षं झाली होती, आणि आपल्या चुलीवर भाकरी फुगताना असा बारीक आवाज येतो, हे केसरबाईंना त्या दिवशी पहिल्यांदा ऐकू आलं.

दिवा लावून त्या देवापुढे बसल्या. हात जोडले. सोळा म्हणजे किती लवकर संपतात, हा हिशेब त्यांच्या मनात आला, आणि त्या स्वतःलाच रागावल्या. मग हळूच, घरात कोणी जागं नाही ना हे पाहून, त्यांनी महादेवाला विचारलं,

"बापा, मधीमधी थोडं हासलं तं चालते का रे?"